गोझो बेटावरील स्कूबा डायव्हिंग: मासे थोडे, खडक अफाट

तारकर्लीच्या डायव्हिंगनंतर पुढची पायरी म्हणून माल्टा देशातील गोझो बेटाचा विचार करणाऱ्या मुंबईकरांनी रंगीत प्रवाळांची अपेक्षा ठेवू नये. ग्रुपर, ऑक्टोपस आणि बराकुडा दिसतात, परंतु येथील खरे वैभव म्हणजे चुनखडीच्या खडकांतील गुहा, कमानी आणि बोगदे, तसेच अनेकदा तीस मीटरपर्यंत आरपार दिसणारे पाणी. मालवणचे डायव्हिंग पावसाळ्यात बंद असते आणि नेमक्या त्याच काळात भूमध्य समुद्र उबदार असतो, ही आपल्यासाठी मोठीच सोय आहे.

द्वेयरा येथील ‘ब्लू होल’ हे या बेटाचे सर्वोत्तम ठिकाण. खडकाने वेढलेल्या त्या नैसर्गिक विहिरीत उतरून पाण्याखालच्या रुंद कमानीतून बाहेर पडताच समोर खोल, निळा, मोकळा समुद्र उघडतो. शेजारीच ‘अझुर विंडो’ ही प्रसिद्ध कमान उभी होती. ८ मार्च २०१७ रोजी ती वादळात कोसळली आणि तिचे प्रचंड शिलाखंड आता डायव्हरांना पाण्याखाली पाहता येतात. कडा अजून धारदार असलेल्या त्या शिळांमधून फिरणे मला ब्लू होलपेक्षाही अधिक भावले.

आम्ही निवडलेल्या केंद्राने प्रमाणपत्र, लॉगबुक (आधीच्या डायव्हची नोंदवही) आणि आरोग्याची प्रश्नावली काटेकोरपणे तपासली आणि उथळ खाडीत सराव करून घेतल्याशिवाय पुढे नेले नाही. काहींना ही शिस्त जाचक वाटली. मला ती पैशांचे चीज करणारी वाटली. नाराजी दोन बाबतींत आहे. नवख्या आणि अनुभवी डायव्हरांचा एकच गट केल्यामुळे एकाची हवा संपत आली की साऱ्यांनाच परतावे लागे, आणि पाठीवर सिलिंडर घेऊन उंचसखल खडकांवरून किती चालावे लागते, याची नोंदणीच्या वेळी कोणीही कल्पना दिली नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी बोटीवरून होणारे डायव्ह मागून घ्यावेत.

केवळ ‘ओपन वॉटर’ हे प्राथमिक प्रमाणपत्र असलेल्यांना अठरा मीटरची मर्यादा असल्याने अधिक खोलीवरील बुडीत जहाजे त्यांच्या वाट्याला येत नाहीत. त्यासाठी ‘ॲडव्हान्स्ड’ हा पुढच्या पातळीचा अभ्यासक्रम निघण्यापूर्वीच पूर्ण करावा. शेवटच्या डायव्हनंतर किमान अठरा तास विमानप्रवास टाळायचा असतो, म्हणून मुंबईचे परतीचे तिकीट काढताना एक दिवस गोझोचे मुख्य शहर असलेल्या व्हिक्टोरियाच्या किल्ल्यासाठी मोकळा ठेवावा.