तालुक्याच्या वकील ताईंकडून मृत्युपत्र करून घेतले, त्याचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी, तहसील कार्यालयाजवळच्या गल्लीत बसणाऱ्या एका वकील ताईंकडून मी व माझ्या यजमानांनी गेल्या दिवाळीनंतर आपापली मृत्युपत्रे करून घेतली. आमची मुले नऊ व पाच वर्षांची आहेत. मृत्युपत्राचे नाव काढणेही आमच्याकडे अशुभ मानतात आणि ते म्हातारपणीचे काम समजतात. परंतु ज्यांची लेकरे लहान आहेत त्यांनाच त्याची खरी निकड असते, हे मला चुलत दिरांच्या घरी पाहून कळले.

ते काहीही लिहून न ठेवता गेले. त्यांनी स्वतः विकत घेतलेले तीन एकर वावर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पत्नी, दोन मुले व आई यांच्यात चार समान हिश्श्यांनी गेले. कर्ज फेडण्यासाठी त्यातले एक एकर विकावे असे जाऊबाईंनी ठरवले, तेव्हा मुले अज्ञान (अठरा वर्षांखालील) असल्याने त्यांच्या हिश्श्यासाठी न्यायालयाची परवानगी लागेल, असे समजले. दिरांच्या बँकेच्या खात्यावर लग्नाआधीपासून त्यांच्या भावाचे नाव नॉमिनी म्हणून लावलेले होते. नॉमिनी हा त्या पैशाचा मालक नसतो, तो वारसांच्या वतीने रक्कम घेतो, हे त्या भावालाही माहीत नव्हते व जाऊबाईंनाही. त्यावरून दोन घरांत जे बोलणे बंद झाले ते अद्याप बंदच आहे.

आम्ही प्रथम एका अर्जनवीसाकडे गेलो होतो. त्यांनी छापील मसुद्यात नावे भरली आणि "माझी सर्व स्थावर-जंगम मालमत्ता" एवढ्या ओळीत सगळे उरकले. त्यात ना गट क्रमांक होता, ना मुलांचा उल्लेख.

वकील ताईंनी मात्र सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) आणि जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) मागवले, सातबाऱ्यावर पट्टी ठेवून एकेक ओळ वाचली आणि यजमानांनी विकत घेतलेले दोन एकर वडिलोपार्जित शेतीपासून वेगळे काढले. वडिलोपार्जित शेतीतला स्वतःचा हिस्साच मृत्युपत्राने देता येतो, आणि त्याच उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर नणंदबाईंचाही तीत जन्मापासून हक्क आहे, हे त्यांनी यजमानांना स्पष्ट सांगितले. यजमानांना ते रुचले नाही, पण ताईंनी शब्द फिरवला नाही.

त्यानंतर त्यांनी पेन खाली ठेवून विचारले, "ताई, तुम्ही दोघंही नसाल तर ही लेकरं कोणाजवळ राहतील?" आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले; दहा वर्षांच्या संसारात हे आम्ही कधी बोललोच नव्हतो. त्या दिवशी मसुदा पुढे गेला नाही. आठ दिवसांनी, माझ्या धाकट्या बहिणीला विचारून व तिचा होकार घेऊन, दोघांच्याही मृत्युपत्रांत पालक म्हणून तिचे नाव लिहिले. एवढ्या एका प्रश्नासाठीही त्यांचे शुल्क मला योग्य वाटते.

सही करताना दोन साक्षीदार समोर हवेत आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये, यावर त्या ठाम होत्या. नोंदणी सक्तीची नाही व मुद्रांक शुल्कही लागत नाही, तरी पुढे वाद नको म्हणून आम्ही दुय्यम निबंधकांकडे नोंदणी केली. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते, हे ऐकून सासूबाईंचीही धास्ती गेली.

उणीव सांगायची तर त्या आठवड्यातून दोनच दिवस बसतात, आणि सोयाबीनच्या हंगामात आम्हाला तीन खेपा कराव्या लागल्या. बँक व विम्यावरील नॉमिनीची नावेही तपासून घ्या, हे त्यांनी आम्ही विचारल्यावर सांगितले. ते त्यांनी आपणहून सांगायला हवे होते.

जाणाऱ्यांनी चालू सातबारा व आठ-अ, घराचा नमुना आठ (ग्रामपंचायतीचा घराचा उतारा), खरेदीखत, बँक पासबुके, विम्याचे कागद आणि मुलांचे जन्मदाखले सोबत न्यावेत. मुलांचे पालकत्व कोणाकडे द्यायचे ते मात्र घरीच बोलून जावे.