कंट्रोलरशिवाय व्हीआर: हात आणि स्नायूंच्या सिग्नलवर काही महिने

गेल्या पावसाळ्यापासून व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवून आभासी जग दाखवणारा) हातातल्या कंट्रोलरशिवाय वापरतोय. एक म्हणजे कॅमेऱ्यांनी हातांची हालचाल टिपणारं हँड ट्रॅकिंग, आणि दुसरं म्हणजे कोपराखाली बांधायचा आठ इलेक्ट्रोडचा ईएमजी पट्टा, म्हणजे स्नायूंचे विजेचे सिग्नल टिपणारा. पट्टा डेव्हलपर किट आहे. थोडंफार कोडिंग येत नसेल तर या वाटेला जाऊ नका. कंपन्यांची नावं मुद्दाम टाळतोय, कारण माझ्या तक्रारी एका मॉडेलपेक्षा तंत्राबद्दलच जास्त आहेत.

जाहिरातीत 'नैसर्गिक हालचाल' छान वाटते. हवेत हात धरून पाऊण तास मेनू निवडत बसा, खांदे भरून येतात. त्रिमितीय मॉडेल दोन्ही हातांनी धरून फिरवायला मात्र हँड ट्रॅकिंगला तोड नाही. पण एक हात दुसऱ्याच्या आड गेला की मागची बोटं वेडीवाकडी दिसू लागतात, आणि संध्याकाळी मंद दिव्यात क्लिकसाठी चिमूट घेतली तरी ढिम्म.

पट्ट्याची खरी मजा इथेच आहे. बोटं हलवणारे बरेचसे स्नायू पंजात नसतात, कोपर ते मनगट या भागात असतात. ते आकसले की त्वचेवर काही मायक्रोव्होल्टपासून फार तर काही मिलिव्होल्टपर्यंतचा सिग्नल मिळतो, तोही बोट हलण्याच्या किंचित आधी. कॅमेऱ्याची गरजच नाही. हात मांडीवर, अंगठा तर्जनीला जेमतेम टेकवला की क्लिक. खांदेदुखी संपली, हे एकच कारण मला पुरेसं आहे.

आता कटकटी. सिग्नल इतका बारीक, की घरची वीजही त्यात घुसते. किटमधला ही वीज गाळणारा फिल्टर अमेरिकन हिशेबाने ६० हर्ट्झवर होता. आपली वीज ५० हर्ट्झची. लॅपटॉप चार्जरला लावला की स्क्रीनवरची रेघ जाडजूड होऊन थरथरायची. सेटिंग बदललं तेव्हा कुठे ती ताळ्यावर आली. थंडीत कोरड्या त्वचेवर सिग्नल पकडत नाही. ओल्या फडक्याने हात पुसून पट्टा बांधायचा. किंचित घाम आला की उलट झकास चालतो, मे महिन्यातल्यासारख्या धारा लागल्या की पट्टा घसरतो. आणि बोटभर जरी फिरला तरी कॅलिब्रेशन, म्हणजे पट्ट्याला माझ्या हाताची ओळख करून देणं, पुन्हा पहिल्यापासून.

सगळ्यात वैताग चुकीच्या क्लिकचा. चहाचा कप उचलला की पट्ट्याला वाटतं मूठ वळली, आणि समोरची विंडो बंद! आमच्याकडे हातवारे केल्याशिवाय कुणाला बोलता येत नाही, त्यामुळे फोन आला की मी पट्टा सरळ पॉज करतो.

कल्पना नवी नाही. आठ सेन्सरचा 'मायो' पट्टा याच तत्त्वावर चालायचा; २०१८मध्ये त्याची विक्री थांबली. २०१९मध्ये फेसबुकने असाच मनगटी पट्टा बनवणारी 'कंट्रोल-लॅब्स' ही कंपनी विकत घेतली, आणि २०२५मध्ये मेटाने (म्हणजे नाव बदललेल्या फेसबुकनेच) डिस्प्ले असलेल्या चष्म्यासोबत असाच मनगटी पट्टा बाजारात आणला. माझ्या किटपेक्षा तो बराच पुढचा असणार, पण मी वापरलेला नाही.

घ्यावा का? व्हीआरमध्ये रोज बसून काम करत असाल आणि खांदे कुरकुरत असतील, तर जरूर. फक्त गेम खेळणाऱ्यांनी कंट्रोलरच ठेवा. कंट्रोलरच्या हाताला जाणवणाऱ्या कंपनाची सर मोकळ्या हाताला येत नाही. आणि टायपिंग, विशेषतः देवनागरी, यातल्या कशावरही करायला जाऊ नका. मी त्यासाठी जुना ब्लूटूथ कीबोर्डच मांडीवर घेतो.