निकाल बरोबर सांगितला आणि सव्वा लाख घालवले

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे "लावा सट्टा, भोगा फळं" म्हणणाऱ्यांचे कष्ट वाचतील. माझा अंदाज चुकला नव्हता. २३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल लागला: भाजप १३२, शिंदेंची सेना ५७, अजितदादा ४१, ठाकरे २०, काँग्रेस १६, शरद पवारांचा पक्ष १०. शिंदे सेना दुसरी येणार आणि काँग्रेस चौथ्याच्याही खाली जाणार, यावर मी मोबाईलच्या एका सट्टा ॲपवर पैसे लावले होते. दोन्ही खरं झालं. तरी माझे १,२५,८०० रुपये गेले.

माझं हायवेला टायर रिमोल्डिंगचं दुकान आहे. देशभरचे ड्रायव्हर येतात, टायर होईपर्यंत चहा पीत बसतात आणि बोलतात. हरियाणाच्या निवडणुकीवेळी सगळे एक्झिट पोल काँग्रेस सांगत होते. कैथलकडचा एक ड्रायव्हर मात्र म्हणाला, "भाईसाब, उलटा होगा." मेहुण्याने त्याच आठवड्यात एका ॲपची लिंक पाठवली होती: "दाजी, तुम्ही एवढं राजकारण बोलता, इथे लावा की." 'भाजप पहिला येणार' या अंदाजाचा एक नग २ रुपयांना. मी २५० नग घेतले, ५०० रुपयांचे. ८ ऑक्टोबरला भाजप ९० पैकी ४८ आला आणि संध्याकाळी माझ्या खात्यात २,५०० रुपये जमा. मागितले आणि दहा मिनिटांत आले. ते २,५०० म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ होतं. पहिला विड्रॉल मिळाला म्हणून ॲप खरं, असं समजू नका. पहिला देतातच.

बाकी ही ॲप कशी चालतात ते बहुतेकांना ठाऊक आहे. 'होय' किंवा 'नाही', भाव शून्य ते दहाच्या मध्ये, खरं ठरलं की नगाला दहा रुपये. महाराष्ट्राच्या वेळी 'शिंदे सेना दुसऱ्या क्रमांकावर' हे ३.४० ला होतं. मी १०,००० नग घेतले, ३४,००० रुपये. रबराच्या पार्टीला द्यायचे होते ते. 'काँग्रेस चौथ्याच्या खाली' १.६० ला, १२,५०० नग, २०,००० रुपये. लोक म्हणत होते काँग्रेस शंभरावर जागा लढतेय, लोकसभेला १३ खासदार आलेत, दुसरा नंबर कुठे जातो? मी माझ्या घरात बघत होतो. दिवाळीआधी बायकोच्या खात्यात लाडक्या बहिणीचे पाच हप्ते मिळून ७,५०० जमा झाले होते आणि ती ते शेजारणींना मोजून दाखवत होती. वारं कुठून आहे ते मला तिथे कळलं. त्या २०,००० मध्ये तेच ७,५०० होते, हे लिहितानाही कानशिलं तापतात.

आता जिथे डोळे उघडायला हवे होते ते सांगतो. मतमोजणीच्या दिवशी सकाळी अकरापर्यंत टीव्हीवर शिंदे सेना पन्नाशीच्या पुढे दिसत होती. दुसरा नंबर जवळपास नक्की. मग माझा ३.४० चा नग साडेनऊला जायला नको? कोणीतरी विकत घ्यायला धावायला नको? ॲपवर भाव ३.४०. साडेअकराला ३.४०. बाराला ३.४०. दुकानातल्या पोऱ्याला मी म्हणालो, "नेट स्लो आहे रे." नेट स्लो! त्याच मोबाईलवर टीव्ही चालू होता. वीस वर्षं रबराचा भाव बघतोय मी, बाजार हलतो म्हणजे काय हे मला शिकवायला नको. भाव हलत नव्हता, कारण समोर कोणी नव्हतंच. घेणारा नाही, विकणारा नाही, फक्त आकडे छापलेला पडदा. दुपारी दोनला तो अचानक १० झाला आणि खाली हिरव्या अक्षरांत २,२५,००० आले. मी पोऱ्याला पेढे आणायला पाठवलं.

रविवारी पैसे मागितले तर ॲपच्या ग्रुपवरच्या 'मॅनेजर'चा मेसेज: "सर, तुमचं विनिंग अप्रूव्ह झालंय, फक्त टीडीएस भरा." नफा १,७१,०००, त्याचे ३० टक्के ५१,३००. बघा, आकडा अगदी बरोबर. ऑनलाइन गेमच्या निव्वळ कमाईवर ३० टक्के टीडीएस, म्हणजे कमाईतून कापायचा कर, खरंच होता, आणि तेच मला भोवलं. खोटं पूर्ण खोटं असतं तर मी पकडलं असतं. पण टीडीएस देणारा कापून घेतो आणि उरलेलं देतो. घेणाऱ्याने आधी खिशातून भरायचा टीडीएस जगात नाही. माझ्या सीएने हे फोनवर अर्ध्या मिनिटात सांगितलं. पैसे गेल्यावर. आधी त्याला विचारायची लाज वाटली, कशाची कमाई म्हणून सांगू?

सोमवारी मुलीच्या फीसाठीची आरडी मोडली. रात्री यूपीआयवर नंबर टाकला तर नाव आलं कुठल्याशा गारमेंट्सचं. अंगठा थांबला, खरं सांगतो. इन्कम टॅक्स आणि गारमेंट्स? तेवढ्यात आतून "पानं घेतलीत" अशी हाक आली आणि मी घाईने पिन टाकला. मंगळवारी 'सिक्युरिटी डिपॉझिट' म्हणून २२,५००. बुधवारी २८ टक्के जीएसटीचे ६३,००० मागितले, तेव्हा थांबलो. ५४,००० गेले ते सट्ट्यात गेले म्हणा. पुढचे ७३,८०० मी माझ्या हाताने, शुद्धीत असताना दिले. हरियाणाचा २,००० चा नफा वजा केला की झाले १,२५,८००.

आणि मग सरकारी दारं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरला फोन केला, चार वेळा कट झाला, पाचव्यांदा लागला. त्या बाईंनी नीट तक्रार लिहून घेतली, त्यांना दोष नाही. "पहिल्या तासात करायला हवा होता," म्हणाल्या. तुम्ही तो तास वाया घालवू नका, आणि प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) आधी काढून ठेवा, ग्रुपचे फोटोही. माझा ग्रुप त्याच रात्री गायब झाला. पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब म्हणाले, जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा आहे, तक्रार घेतली तर आधी तुमचंच नाव येईल. मग जिल्ह्याला जा. जिल्ह्याला गेलो तर पुन्हा ठाण्यात जा. तीन चकरा, तीन दिवस शटर बंद. बँकेत म्हणे "पिन तुम्हीच टाकलात ना?" मीच टाकला! पण एका गारमेंट्सच्या खात्यात दिवसभर गावोगावचे पैसे येतायत आणि तासाभरात बाहेर जातायत, हे कोणाच्या नजरेला पडत नाही? मी दोन लाख रोख भरायला गेलो की मात्र दहा प्रश्न. वकिलाने निराळाच उपदेश केला: पैजेचा करार कायद्याने रद्दबातल, वसुलीचा दावा चालत नाही. अहो, पैज समोरच्या माणसाशी लागते. समोर माणूसच नसेल तर ती पैज कसली? तो दरोडा झाला.

त्या ॲपवर 'सेबी नोंदणीकृत' असा शिक्का होता. सेबी म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणारी सरकारी संस्था. एप्रिल २०२५ मध्ये सेबीने स्वतःच जाहीर केलं की असला 'ओपिनियन ट्रेडिंग'चा धंदा आपल्या अखत्यारीत येत नाही. शिक्का म्हणजे नुसतं चित्र. ऑगस्टमध्ये पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदाही आला. त्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, चालवणाऱ्याला आहे, म्हणून कोणी "तुम्हीच आत जाल" म्हणून गप्प बसवलं तर बसू नका. प्ले स्टोअरवर नसलेलं, लिंकवरून उतरवायचं ॲप मोबाईलमध्ये घेऊच नका. आणि "तुमचे पैसे परत मिळवून देतो" म्हणणारा फोन नक्की येतो. मला आला, फाईल चार्ज ३,५०० मागितले. यादी तीच, माणसंही बहुधा तीच. मेहुण्याचे ११,००० गेलेत. तो आता माझ्याकडे येत नाही, मीही बोलावत नाही.

परवा नगरपालिकेच्या निवडणुकीत नव्या नंबरावरून मेसेज आला: कोणत्या पक्षाचे किती नगरसेवक, भाव ४.१०. शेवटी "सर" होतंच.

माझ्या तक्रारीवर त्या गारमेंट्सच्या खात्यात ४,११२ रुपये होल्ड झालेत. ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागतो, असं तेव्हा मला सांगितलं. अर्ज करायचे वकील ५,००० मागत होता.