ऐरोलीच्या दमट हवेत रायफल कशाने भरायची? हातपंप, सिलिंडर, छोटा कॉम्प्रेसर आणि त्यातले बदल

ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने ऑक्टोबर २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचं जागतिक विजेतेपद जिंकलं आणि त्याच दिवाळीत माझ्या मुलीने शूटिंगचा हट्ट धरला. वर्षभराने तिची स्वतःची पीसीपी रायफल आली, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, आणि तिच्यासोबत प्रत्येक पालकाला पडतो तो प्रश्नही आला. ही रोज भरायची कशाने? रायफलला २०० बार दाब लागतो, म्हणजे गाडीच्या टायरमध्ये असतो त्याच्या जवळपास नव्वदपट. पेट्रोल पंपावरच्या हवेचा इथे काही उपयोग नाही.

रेंजवर आता दर महिन्याला कुणी ना कुणी पालक हेच विचारतात. बहुतेकांच्या डोक्यात बारा व्होल्टवर चालणारा छोटा पोर्टेबल कॉम्प्रेसर असतो. 'तो स्वस्तातला घ्यायचा आणि थोडा सुधारून घ्यायचा' असा बेत असतो. बेत चुकीचा नाही. आम्हीही तेच केलं. पण सुधारणा कशात करायची, यात बरेच जण चुकतात. पहिला खर्च मशीन थंड ठेवणाऱ्या पंख्यावर होतो. माझं म्हणणं असं की ठाणे-नवी मुंबईत पहिला खर्च हवेतलं पाणी काढण्यावर व्हायला हवा.

हिशेब साधा आहे. आमच्या रायफलचा सिलिंडर अंदाजे ०.२ लिटरचा. तो १०० बारवरून २०० बारवर न्यायला बाहेरची वीस लिटर हवा आत दाबावी लागते. जुलैत ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर एका घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम वाफ असते. म्हणजे आपल्या वीस लिटरांत अर्धा ग्रॅम पाणी. हवा दोनशेपट दाबली की ही वाफ हवेत मावत नाही, जवळपास सगळी थेंब होऊन खाली बसते. मुलगी रोज ऐंशी-शंभर शॉट मारते, दिवसाआड भरावं लागतं. जून ते सप्टेंबर साठ वेळा धरलं तर तीस ग्रॅम पाणी, घरातल्या चहाच्या चमच्याने सहा चमचे. दोनशे मिलीलिटरच्या सिलिंडरजवळ एवढं पाणी येतं, आणि ते वाटेत अडवायचं की आत जाऊ द्यायचं हे आपल्या हातात असतं. पहिल्या पावसाळ्यानंतर आमची रायफल सर्व्हिसिंगला उघडली तेव्हा रेग्युलेटरच्या, म्हणजे प्रत्येक शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागाच्या, पितळेवर हिरवट थर होता आणि ओ-रिंगच्या (हवा अडवणाऱ्या रबरी कडीच्या) खाचेत पांढरी पूड. स्कोअर का हलत होता, ते तेव्हा कळलं.

आता पर्याय.

हातपंप सगळ्यात स्वस्त, वीज लागत नाही, रिक्षातून रेंजवर नेता येतो. तीन टप्प्यांचा चांगला पंप असेल तर १०० ते २०० बारला आम्हाला ऐंशी-शंभर झटके लागायचे. काम सावकाश चालतं, त्यामुळे हवा फारशी तापत नाही आणि बरंचसं पाणी पंपाच्या बुडाशीच जमतं. मध्ये थांबून ते सोडून द्यायचं एवढंच. अडचण ताकदीची आहे. १७० बारच्या पुढे दांडा अंगाच्या वजनाने दाबावा लागतो आणि बेचाळीस किलोच्या मुलीला ते जमत नाही. घरात रोज पंप मारायला एक मोठं, धडधाकट माणूस असेल आणि रायफल एकच असेल, तर मी आजही हातपंपच घ्यायला सांगेन. सराव संपल्यावर हात भरून आलेल्या मुलांना मात्र पंप मारायला लावू नका.

मोठा सिलिंडर हा सगळ्यात निवांत मार्ग. स्कूबाचा नेहमीचा अ‍ॅल्युमिनियम सिलिंडर ११.१ लिटरचा, २०७ बारला भरलेला असतो. आपली एक भरणी त्यातून जेमतेम १.८ बार खाते, म्हणजे १८० बारच्या वर पंधराएक भरण्या सहज मिळतात, आणि नीट भरलेली हवा कोरडी असते. पण तो रिकामा असतानाही चौदा किलोचा आहे. पेसोची (दाबाच्या सिलिंडरांना मान्यता देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची) मान्यता आणि चालू हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने घेतलेली सिलिंडरची चाचणी) असल्याशिवाय तो घरात आणूही नका. शंका असेल तर पेसोचं कार्यालय आपल्याच सीबीडी बेलापूरला आहे. रबाळे-महापे पट्ट्यात फायर सेफ्टीची कामं करणाऱ्यांकडे मी भरण्याची चौकशी केली. एका रायफलसाठी दर महिन्याला ती ने-आण मला परवडली नाही. चार-पाच मुलांनी मिळून घेतला तर गोष्ट वेगळी.

वॉटर-कूल्ड मोठा कॉम्प्रेसर, बादलीत पाण्याचा पंप सोडून चालवायचा तो, क्लबसाठी उत्तम. घरच्या एका रायफलला तो मी घेणार नाही. त्याचा जोर एवढा की ०.२ लिटरचा सिलिंडर अर्ध्या-पाऊण मिनिटात भरतो. तेवढ्यात दाराची बेल वाजली आणि लक्ष उडालं, तर काटा कुठे जाईल सांगता येत नाही.

उरला तो छोटा पोर्टेबल. जसा येतो तसा आणि सुधारलेला, या दोघांत फरक मोठा आहे. जसा येतो तसा तो आमची भरणी तीनएक मिनिटांत करतो. त्याच्या आतला पाणी वेगळं करणारा भाग अंगठ्याएवढा. उन्हाळ्यात तेवढ्यावर भागतं, पावसाळ्यात नाही.

पहिली सुधारणा फुकट आहे. मशीन बाल्कनीत चालवू नका. आवाज होतो म्हणून सगळे बाल्कनीत नेतात, आणि पावसाळ्यात घरातली सगळ्यात ओली हवा तिथलीच असते. एसी चालू असलेल्या खोलीत २५ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर घनमीटरमागे साडेअकरा ग्रॅम वाफ असते, म्हणजे निम्म्याहून कमी पाणी. अर्धा तास खोली थंड होऊ द्या, दार लावा, मग भरा.

दुसरी सुधारणा, हवा आत घेण्याच्या तोंडाशी सिलिका जेल, म्हणजे ओलावा शोषणारे दाणे. आरओ फिल्टरचं दहा इंची हाउसिंग घेतलं, त्यात अर्धा किलो नारिंगी सिलिका जेल, दोन्ही टोकांना जाड स्पंज. स्पंज विसरू नका, नाहीतर जेलची भुकटी पिस्टनच्या सीलवर जाऊन घासते. नळी रुंद हवी, अरुंद असली तर मशीनचा श्वास कोंडतो. पहिल्या जुलैत आमचं जेल दोन आठवड्यांत गडद हिरवं झालं. मला वाटलं माल खराब निघाला. खरं कारण असं की मशीन बंद असताना हाउसिंगचं तोंड उघडंच राहत होतं आणि जेल दिवसरात्र खोलीतली हवा वाळवत बसलं होतं. रबरी बूच लावायला लागल्यापासून तेवढंच जेल अख्खा पावसाळा पुरलं. हिरवं झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर तापवून पुन्हा नारिंगी करता येतं. हे हाउसिंग फक्त हवा आत ओढण्याच्या बाजूलाच, हे पक्कं लक्षात ठेवा. दाबाच्या बाजूला प्लास्टिक लावणं म्हणजे अपघाताला बोलावणं.

तिसरी सुधारणा दाबाच्या बाजूचा फिल्टर, मॉलिक्युलर सीव्ह (ओलावा शोषणारे आणखी एका प्रकारचे दाणे) भरलेला. इथे 'जेवढा मोठा तेवढा चांगला' हे खरं नाही. फिल्टरच्या आत ०.१ लिटर मोकळी जागा असेल तर ती २०० बारला भरायला वीस लिटर हवा लागते, आपल्या रायफलला लागते तेवढीच, आणि दर वेळी ती सोडून द्यावी लागते. मशीन दुप्पट चालतं. म्हणून मध्यम आकाराचा, ३०० बारसाठीच बनवलेला तयार फिल्टर घ्या. वागळे इस्टेटमधल्या आमच्या लेथवाल्या काकांना मी विचारलं होतं. ते म्हणाले, "ताई, ब्रॅकेट सांगा, पंख्याची जाळी सांगा, करून देतो. पण तीनशे बारचा डबा माझ्याकडून करून घेऊ नका. आत एखादी चीर राहिली तर मला डोळ्यांनी दिसणार नाही." ते ब्रॅकेटचे पैसेही घेत नव्हते, मी बळेच दिले.

मग वीज. सोबत आलेला अ‍ॅडॅप्टर मी मल्टीमीटरने तपासला. मोकळा चालताना १२.१ व्होल्ट, १८० बारच्या पुढे १०.४. व्होल्टेज असं पडलं की मोटर मंदावते, वेळ वाढतो, वायर गरम होते. उपाय म्हणजे १२ व्होल्ट ४० अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेवर चालणारा दमदार पॉवर सप्लाय), आखूड आणि जाड वायर, अर्थिंग जोडलेलं. हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. आमच्याकडे त्यानंतर ११.८च्या खाली गेलं नाही.

आणि पंखा? आमच्या मशीनच्या हेडवर तापमानाचा प्रोब लावून बघितलं. तीन मिनिटांत ५८ अंश, दहा मिनिटांत ८४. एक मॅच रायफल भरणाऱ्याचं मशीन तेवढं चालतच नाही. दोन भावंडांच्या दोन रायफली असतील किंवा अर्ध्या लिटरची हवेची बाटली भरायची असेल, तर १२० मिलिमीटरचा कॉम्प्युटरचा पंखा जरूर लावा. नाहीतर ते पैसे फिल्टरमध्ये घाला.

दोन गोष्टींना हात लावायचा नाही. एक, बर्स्ट डिस्क, म्हणजे दाब फार वाढला की फुटून हवा सोडणारी सुरक्षा चकती. ती फुटली तर का फुटली ते शोधा, जाड डिस्क टाकू नका. दुसरी, तेल. शिलाई मशीनचं तेल दाबाच्या बाजूला गेलं तर तापलेल्या हवेत ते पेट घेऊ शकतं. सिलिकॉन ग्रीसच, तेही बोटाला लागेल एवढंच. मशीन उघडलं की वॉरंटी जाते, म्हणून पहिले दोन महिने फक्त एसीची खोली आणि सिलिका जेल एवढंच करा. त्यात काहीच उघडावं लागत नाही.

घेताना ऑटो-स्टॉप (ठरवलेल्या दाबाला आपोआप बंद होण्याची सोय) असलेलंच मॉडेल घ्या. तो मागाहून बसवायचा खटाटोप नको. गेजवर मात्र विसंबू नका. आमचं मशीन २०० दाखवतं तेव्हा रायफलचा स्वतःचा मॅनोमीटर (दाबमापक) १९०च्या आसपास असतो, आणि भरताना तापलेली हवा निवली की तो आणखी थोडा उतरतो. रायफलचा काटा खरा मानायचा. आणि भरायच्या आधी सिलिंडरवरची तारीख बघायची. मॅच रायफलच्या सिलिंडरची मुदत साधारण दहा वर्षांची असते, आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात ती सांभाळायची जबाबदारी नेमबाजावर आहे. सेकंडहँड रायफल घेणाऱ्या पालकांनी कॉम्प्रेसरचा विचार करण्याआधी ती तारीख वाचावी. दोनच वर्षं उरली असतील तर नव्या सिलिंडरचे पैसे आधी बाजूला काढा, आणि तोवर हातपंपावर चालवा.