रोजचा स्टँडअप: कॉलवर की लेखी?

चौघे पर्वरीच्या ऑफिसात, एक फोंड्याला, एक म्हापशाला. अशा सॉफ्टवेअर टीमला स्टँडअपसाठी, म्हणजे काय झालं, आज काय करणार, कुठे अडलं हे एकमेकांना सांगायला, रोज १५ मिनिटांचा कॉल हवा, की चॅटवर तीन ओळी पुरे?

कॉलवर अडलेलं काम पटकन सुटतं. पण माणसं वाढली की त्याची टीम लीडपुढची हजेरी होते, आणि पावसात वीज गेली की फोंडेकर गळालाच.

लेखी अपडेट नंतरही शोधता येते. मात्र ‘एपीआयचं काम चालू आहे’ (एपीआय म्हणजे दोन सॉफ्टवेअरना जोडणारा दुवा) ही ओळ निरुपयोगी. ‘पेमेंट एपीआय टाइमआउट होतोय, टेस्ट सर्व्हरचे लॉग दुपारी २ पर्यंत हवेत’ अशी लिहा. उत्तर कोण देणार हे ठरलेलं नसेल, तर तीही संध्याकाळपर्यंत पडून राहते.

आमचा कल लेखीकडे. कॉल सोमवारी-गुरुवारी, रिलीजच्या आठवड्यात मात्र रोज.