ऑल-माउंटन फ्रीस्टाइल स्नोबोर्ड (साऱ्या उतारांवर अन् उड्यांले चालणारी बर्फावरची फळी): दोन हिवाळे वापरून सांगतो
आमच्या आर्वीकडं मे महिन्यात पारा ४५ ले टेकते, पन दोन हिवाळे गुलमर्गले जाऊन आलो म्हणून लिहून राहिलो. पहिल्या साली भाड्याचा बोर्ड कमरेत, म्हणजे मधात, अरुंद भेटला, माझा बूट १० नंबरचा, वळण घेतलं की बुटाचं टोक बर्फात रुते अन् मी तोंडावर, लय राग आला तवा, दुकानवाल्यानं बूट पाह्यलाच नव्हता. मंग स्वतःचा घेतला, १५७ सेंटीमीटर लांब, वाइड म्हणजे रुंदवाला, कमरेत २६ सेंटीमीटर, आता बोटं घासतच नाही. लांबी ठरवताना उंचीच्या आधी वजन पाहा भाऊ, माझं ७४ किलो. फ्लेक्स, म्हणजे बोर्डाचा कडकपणा, मधला, दहापैकी पाच-सहा; नरम असला तं वेगात थरथरते, कडक असला तं उडी मारताना वाकत नाही. शेप ट्विन, म्हणजे दोन्ही टोकं सारखी, उलटा पाय पुढं आला तरी सारखाच चालते. पायाखाली कॅम्बर (मधात वर उचललेली कमान) अन् टोकाले रॉकर (वर वळलेला भाग), त्यानं घट्ट बर्फावर धार पकडते अन् ताज्या बर्फात नाक वर राहते, हे मले सर्वात आवडलं. बेस, म्हणजे खालची बाजू, सिंटर्ड (प्लास्टिकची पूड दाबून-तापवून केलेली), पळते मस्त, पन वॅक्स सुकलं की धारेजवळ पांढरट दिसते, तवा लगेच लावा.