हातातलं लिंबू गेलं कुठे?

नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत मी दहावीच्या विज्ञानाचे व्हिडिओ शूट करते. मागे दोरीवर यांचा टॉवेल. मागचं दृश्य बदलण्यासाठी लागणारा हिरवा पडदा लावायला जागा कुठली! म्हणून शूट झालेल्या व्हिडिओची पार्श्वभूमी आपोआप बदलणारं एक ऑनलाइन ॲप महिन्याचे पैसे भरून घेतलं.

स्थिर उभी राहून बोलले तिथे काम झकास. टॉवेल गेला, साधी निळी भिंत आली. पण लिंबाची बॅटरी दाखवायला हात वर केला आणि लिंबूच गायब! हे ॲप फक्त माणूस ओळखतं. हातातली वस्तू त्याच्या लेखी खोलीतलं सामान. शिवाय पंख्याने उडणाऱ्या बटांभोवती जुन्या भिंतीची पिवळट झालर सतत थरथरत होती.

शेवटी भाच्याने दाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओ या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमधल्या मॅजिक मास्कने, म्हणजे माणूस किंवा वस्तू निवडून वेगळी काढणाऱ्या साधनाने, मला आणि लिंबाला वेगवेगळं निवडलं. (फुकटच्या आवृत्तीत ही सोय नाही.) १२ मिनिटं, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे १८,००० चित्रं, माझा जुना लॅपटॉप तव्यासारखा तापला. नवी भिंत जराशी धूसर ठेवली, तेव्हा केसांच्या कडा खुपेनाशा झाल्या.

ॲपला पाचपैकी अडीच. पुढच्या महिन्याचे पैसे भरणार नाही. आणि टॉवेल आता शूटआधीच काढते.